पाण्याआधी वळलेला दोर

बालाघाटच्या डोंगराला टेकून बसलेल्या हिंगणदरी गावी प्रभूचे भक्त शरणदास महाराज एकदा मुक्कामाला आले. अंगात भगवी कफनी, गळ्यात बाभळीच्या लाकडाचा क्रूस, खांद्याला वीणा. येशूचं कीर्तन करीत ते गावोगाव फिरत. पाटलाच्या ओसरीवरून बोलावणं आलं तरी महाराज उतरत ते गावाबाहेरच्या ख्रिस्ती वस्तीत. "माझा धनी गोठ्यात जन्मला, मला ओसरी कशाला?" असं हसून म्हणत.

त्या वस्तीत पाणी नव्हतं. गावची विहीर भरलेली असे, पण वस्तीतल्या माणसानं तिला हात लावायचा नाही अशी रीत. बायकांनी घागरी मांडून लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर त्यानं वरून पाणी घालायचं. तहान लागली तर कमरेत वाकून ओंजळ धरायची, म्हणजे वरून धार पडे. ही रीत ज्यानं काढली त्याला एक उन्हाळा तिथं उभा करायला हवा होता!

वस्तीत रिबकाबाई नावाची एक विधवा होती. केकताडाची जाड पानं कुजवून, त्यांचा वाख म्हणजे धागा काढून ती दोर वळी. तिच्या हातच्या दोरासारखा दोर पंचक्रोशीत नव्हता. गावच्या विहिरीवरही तिचेच दोर! दोर विहिरीत जाई, वळणारी मात्र उन्हात.

एके दिवशी तिची पोटुशी सून घागरीपाशी घेरी येऊन पडली. काठावर माणसं होती, पण पोहरा कुणी कलता केला नाही. रिबकाबाईनं सुनेला पाठुंगळी घेऊन घरी आणलं आणि तशीच महाराजांपुढं येऊन उभी राहिली. रडली नाही.

"महाराज, तुमचा देव ऐकतो म्हनता. मग त्याला इचारा, आमाला आमचं पानी देनार का न्हाई. हो म्हनावं, न्हाईतर न्हाई म्हनावं. पर आता ओंजळ धरनार न्हाई मी."

महाराज माळावरच्या लिंबाखाली गुडघे टेकून बसले. ऊन कललं तरी उठले नाहीत. उठले तेव्हा चेहऱ्यावर असं काही तेज होतं की वस्तीतली माणसं आपोआप गोळा झाली.

महाराज म्हणाले, "बाई, बापानं शब्द दिला. याच माळावर पाणी देईन म्हणतो."

"कवा?"

"ते सांगितलं नाही. तू दोर वळायला घे."

"पान्याच्या आधी दोर?"

"पाणी लागल्यावर दोर कुणीही वळतो, बाई."

झालं! गड्यांनी कुदळी उचलल्या आणि रिबकाबाईनं वाख.

ही बातमी रंभाजी पाणाड्याच्या कानावर गेली. हातात उंबराची फांदी धरून जमिनीखालचं पाणी सांगणारा हा माणूस. त्याच्या शब्दाशिवाय त्या मुलखात कुणी विहिरीचा नारळ फोडत नसे, आणि खरं सांगायचं तर त्याचा शब्द आजवर खोटा ठरला नव्हता. त्यामुळे मिशीला पीळ आणि जिभेला धार. तो आला, फांदी धरून सगळा माळ फिरला. फांदी हलली नाही.

"खाली निव्वळ काळा पाषाण," रंभाजी म्हणाला. "पाताळात गेलात तरी धूळच हाती यील. इथं पानी लागलं तर ही मिशी उतरवीन!" मग रिबकाबाईच्या मांडीवरच्या दोराकडे बघून मोठ्यानं हसला. "आन् ह्यो दोर गं कशाला? बाजारात तुरी आन् भट भटनीला मारी!"

रिबकाबाईनं मान वर केली नाही. "आबा, तुमाला फांदी सांगती. मला देवानं सांगितलंय. बघू कोन खोटं पडतं."

महाराज पुढच्या गावी निघून गेले, खणणं चालू राहिलं. मुरूम संपला, मांजऱ्या खडक लागला, आणि अखेर काळा पाषाण लागला, अगदी रंभाजीनं सांगितला तसाच. पहारी बोथट झाल्या. गडी कंटाळले. रविवारी उपासनेनंतर वस्तीचे पंच गिदोनभाऊ रिबकाबाईला म्हणाले, "वैनी, लोक हसत्यात. महाराज साधू मानूस, पर खडकाला पाझर फुटतो व्हय? आता थांबू."

"तुमी थांबा," ती म्हणाली. "देवानं शब्द मला दिलाय, त्यो मोडायचा आसंल तर त्यानं मोडावा. मी मोडनार न्हाई. माझा दोर आजून तळाला पुरत न्हाई." आणि पुन्हा पीळ घालू लागली. काय म्हणावं या बाईला! पाषाण विहिरीत होता की हिच्या छातीत, असं वाटावं.

दोर पुरा झाला त्याच सकाळी महाराज परत आले. त्यांच्यामागून रंभाजी आला, आणि तमाशा बघायला अर्धा गाव.

"महाराज, कुठंय पानी?" रंभाजीनं विचारलं.

महाराज शांतपणे म्हणाले, "खाली."

रंभाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धोतर खोचून तो शिडीनं विहिरीत उतरला. तळाशी पडलेली पहार त्यानं उचलली आणि वर बघून ओरडला, "ह्ये घ्या तुमच्या देवाचं पानी!" रागाच्या भरात त्यानं पहार पाषाणावर हाणली. पुन्हा हाणली. तिसऱ्या घावाला पहार हातभर आत गेली.

आत पोकळ होतं!

क्षणभर काही झालं नाही. मग पहार बाजूला फेकत मांडीएवढा झरा उसळला. शिडी आडवी झाली. पाणी रंभाजीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला भिडलं. आयुष्यभर दुसऱ्यांना पाणी दाखवणाऱ्या त्या माणसाला पोहता येत नव्हतं.

"दोर!" कुणी तरी ओरडलं. तळापर्यंत पुरेल असा दोर तिथं एकच होता. रिबकाबाईनं तो सोडला. वस्तीचे गडी आणि गावचे गडी एका दोराला लागले, आणि रंभाजी पाणाडी निथळत वर आला. मिशी हनुवटीखाली लोंबत होती.

धाप लागलेली असतानाच तो महाराजांच्या पायांशी वाकला. "वस्तारा आना कुनी तरी," एवढंच म्हणाला.

महाराजांनी पाय मागे घेतले. "मिशी राहू द्या. मी नुसता निरोप्या. आता तुमचं काम करा. नव्या विहिरीचं पहिलं पाणी पाणाड्यानं चाखायचं, गोड की मचूळ ते सांगायचं, अशी चाल आहे ना?"

गावकरी एकमेकांकडे पाहू लागले. ख्रिस्ती वस्तीच्या विहिरीचं पाणी रंभाजीनं प्यायचं?

रिबकाबाईनं त्याच दोराला पोहरा बांधून पाणी शेंदलं आणि ती त्याच्यासमोर आली. रंभाजीनं एकदा गावाकडे पाहिलं. मग तो कमरेत वाकला आणि त्यानं ओंजळ पुढं केली. वस्तीतल्या बायका पुढं सरकल्या. पिढ्यान्‌पिढ्या त्या जशा वाकल्या, तसा आज तो वाकला होता. आता हिनं वरून धार धरावी, एवढीच वाट त्या पाहत होत्या.

रिबकाबाईनं पोहरा त्याच्या हातात दिला.

"तोंडाला लावा, आबा. आमच्या हिरीवर वरून पानी घालत न्हाईत."

 रंभाजीनं पोहरा तोंडाला लावला आणि पोटभर प्याला. खाली ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"ग्वाड हाय," तो गावाकडे वळून म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आणि रिबकाबाईच्या पायांवर डोकं ठेवायला गेला.

तिनं त्याला दंडाला धरून थांबवलं. "माझ्यापुढं न्हाई. ज्यानं दिलं त्याच्यापुढं."

तेव्हा रंभाजी पाणाड्यानं तिथंच ओल्या मुरमात गुडघे टेकले, हात जोडले आणि मान खाली घातली.