येसू लोहारणीची वाकलेली सुई

खाडीच्या तोंडाशी दीपस्तंभ उभा राहायच्याही फार वर्षं आधी शेवरखाडी गावात येसू लोहारीण राहायची. ती होकायंत्राच्या सुया घडवायची. सुई लालबुंद तापवायची, झटकन पाणी पाजायची आणि मग चुंबकाच्या दगडावर घासायची. तिची सुई उत्तर दिशा कधी विसरत नसे. असं म्हणतात, की तिच्या सुईच्या भरवशावर ढगाळ आभाळाखालीही मचवे हाकणारे तांडेल निर्धास्त डुलक्या काढायचे.

पण पाणी पाजलेलं पोलाद जितकं कडक, तितकंच ठिसूळ. नागू तांडेलाच्या हातून एकदा तिची सुई पडली आणि तिचे तुकडे झाले. तो भर बाजारात म्हणाला, "गो येसूबाय, सुई केलीस की काचेची बांगडी? पुढच्या वेळी रंग तरी हिरवा दे!"

सगळा बाजार हसला. येसूला ते फार लागलं. "अशी देते, की कातळावर आपटलीस तरी मोडायची नाही," ती म्हणाली.

तिने नवी सुई पाणी न पाजता गरम राखेत पुरली आणि सावकाश निवू दिली. सुई मऊ झाली. दगडावर घासताच सुईने सगळ्यांसमोर उत्तर दाखवली.

पोलादाच्या पोटात बारीक दाणे असतात. पाणी पाजलं की ते एकमेकांत जखडतात आणि शिकवलेली दिशा सोडत नाहीत. राखेत निवले की ते ऐसपैस होतात. दिशा चटकन शिकतात, चटकन विसरतात. येसूला हे ठाऊक होतं. बाजाराच्या हसण्यापुढे तिने ते ठाऊक नसल्यासारखं केलं.

नागू ती सुई घेऊन धाकट्या भावासोबत समुद्रात गेला. लाटांच्या धक्क्यांनी सुई उत्तर विसरली. धुक्यात मचवा खडकावर फुटला. नागू पोहत परत आला; त्याचा धाकटा भाऊ आला नाही.

गावकी देवळासमोर बसली. "सुई तर आम्ही डोळ्यांनी बघितली, चांगली होती. तूच झोपला असशील," लोक नागूला म्हणाले. त्याने कनवटीला खोचून आणलेली सुई सगळ्यांपुढे ठेवली. "माझंच चुकलं असेल. सुकाणू काढून घ्या माझ्याकडून."

येसू गप्प राहिली असती, तर सुटली असती. बराच वेळ तिची मान खालीच होती. मग ती उठली, सुई उचलली आणि बोटांनी दाबली. सुई मोडली नाही. वेताच्या काडीसारखी वाकली.

"नागूदादा, ही मोडायला हवी होती," ती म्हणाली. "तुझ्या भावाला मी बुडवलं."

नागूने ओंजळीत तोंड लपवलं. "हसलो तर मीच होतो गो."

तेव्हा बाजारात हसलेल्या साऱ्यांच्या माना खाली गेल्या.

असं म्हणतात, की येसूने आपली ऐरण डोक्यावर घेऊन खाडीवरच्या उंच कातळ सड्याच्या टोकाला नेली. धुकं पडलं की ती तिथे घण घालायची आणि मचवे त्या आवाजावर घरी यायचे. असं म्हणतात, की ती गेल्यावरही धुक्यात ऐरण वाजत राहिली, घण उचलणारं कोणी नसताना.

आजही शेवरखाडीत एकटी सुई विकत नाहीत. एकाच आगीत तापवलेल्या, एकाच पाण्यात विझवलेल्या दोन सुया तांडेलापुढे ठेवतात. हवी ती उचलून तो मोडतो. मोडलेल्या टोकाचा दाणा पिठासारखा बारीक दिसला, तरच दुसरी मचव्यावर चढते. लोहार कितीही नावाजलेला असो, सुई मोडल्याचा आवाज येईपर्यंत तो येसूच्या नावाने मान खाली घालून बसतो. आणि सुई मोडली म्हणून शेवरखाडीत कुणी हसत नाही.