नावाचा कडा

केवडबंदरला फिरायला आलेली मंडळी सकाळी मत्स्यालय बघतात, दुपारी बंदरावर ताजी मासळी जेवतात, मुलांना वाळूत उंटावरून फिरवतात आणि उन्हं कलली की या कड्यावर येतात. पालिकेने पाटीवर ‘नावाचा कडा’ असं रंगवलं आहे. पुष्कळांना वाटतं, रंगाऱ्याने मात्रेच्या जागी काना काढला, ‘नावेचा कडा’ असणार. जन्मभर होडी हाकलेले म्हातारे बारकू तांडेल तिथल्या बाकावर बसलेले असतात. कुणी विचारलं की ते म्हणतात, “नावेचा नव्हे, नावाचाच. बसा, सांगतो.”

ते सांगतात ती गोष्ट अशी.

फार जुना काळ. शहर नव्हतं, दीपगृह नव्हतं. खाडीच्या तोंडाशी समोरासमोर दोन कोळीवाडे होते. या काठाला केवड, पलीकडच्या काठाला पोफळी. मधे काळी खडपं, भरतीला पाण्याखाली दडणारी. केवडच्या होड्यांना सुखरूप वाट एकच होती, या कड्याच्या पायथ्याला लागून.

केवडात शेवंती नावाची नवी सून आली होती. तिच्या नवऱ्याचं नाव दुलाजी. सासू भागीरथी फार करारी बाई. दुलाजी रांगत होता तेव्हा त्याचा बाप, हरबा, याच खडपांवर होडीसकट गेला होता. तेव्हापासून तिने एकटीने पोर वाढवलं. सून घरात आली त्याच दिवशी तिने तिला बजावलं, “बाईने नवऱ्याचं नाव तोंडाने घेऊ नये. घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं. विसरू नको.”

शेवंती विसरली नाही. ती इतकी जपायची, की पांघरायच्या दुलईलाही तिने कधी दुलई म्हटलं नाही. न जाणो, जीभ अर्ध्यावर अडखळली तर! नवऱ्याला हाक मारायची झाली तर नुसतं “अहो”. गावातल्या सगळ्याच बायकांचं तसंच होतं.

थंडी सरत आली होती. गावातल्या होड्या मासेमारीला बाहेर गेल्या होत्या. सकाळी त्या परतायच्या वेळी समुद्रावरून धुकं आलं. धुकं इथे नवं नव्हतं, पण असं कुणी पाहिलं नव्हतं म्हणे. आपलाच हात आपल्याला दिसेना. त्यात भरती चढत होती. बायका पोरांना कडेवर घेऊन कड्यावर धावल्या. खालून वल्ह्यांचा आवाज येत होता, होड्या मात्र दिसत नव्हत्या.

बायकांनी हाका घालायला सुरुवात केली, “अहोऽऽ! इकडंऽऽ!”

पण पलीकडे पोफळीच्या बायकाही काठावर आल्या होत्या. त्यांची माणसंही समुद्रावर होती, आणि त्याही ओरडत होत्या, “अहोऽऽ! इकडंऽऽ!” दोन्हीकडून तीच हाक. धुक्यात घुमून ती चारी दिशांनी यायला लागली. होडीतल्या बाप्यांना कळेना, आपली बायको कुठली आणि लोकाची कुठली. वल्ही एकदा इकडे वळत, एकदा तिकडे.

मग खाली लाकूड फुटल्याचा आवाज झाला. कुणाची तरी होडी खडपाला लागली होती. माणसं ओरडली, मग दुसऱ्या होडीने त्यांना ओढून घेतल्याची आरडाओरड ऐकू आली. कड्यावर बायकांनी तोंडाला पदर लावले.

शेवंतीच्या ओठांपर्यंत नाव आलं आणि तिथेच थांबलं. ती सासूकडे वळली.

“आत्याबाय, अहो म्हणून भागायचं नाही. नावानंच हाक मारायला हवी.”

“मारशील त्याला!” भागीरथीने तिचं मनगट धरलं. “माझा एकुलता एक आहे तो.”

“आत्याबाय,” शेवंती रडत होती, पण बोलायची थांबली नाही. “तुम्ही मामंजींचं नाव कधी घेतलं होतंत?”

“कधीच नाही. जिभेवरसुद्धा येऊ दिलं नाही.”

“मग ते का गेले?”

एवढ्या वर्षांत हा प्रश्न भागीरथीला कुणी विचारला नव्हता, आणि तिने स्वतःलाही विचारू दिला नव्हता. तिची पकड सैल झाली.

शेवंती कड्याच्या टोकाशी गेली. तिने डोळे मिटून हात जोडले. “जाखमाते, कुणाचं आयुष्य तुटणार असेल तर माझं तुटू दे,” असं ती म्हणाली, आणि छाती फोडून ओरडली,

“दुलाजीऽऽऽ!”

बायको आपलं नाव घेते आहे हे त्या माणसाच्या आधी ध्यानातच येईना. मग खालून, खूप लांबून, आवाज आला, “ओऽऽ!”

“दुलाजीऽऽ, इकडंऽऽ! माझ्या आवाजावर याऽऽ!”

मग शेजारची सुंदरा ओरडली, “गोपाळाऽऽ!” तिच्या पलीकडची ओरडली. कुणी लाजली, कुणी रडली, एकीला तर आधी हसूच फुटलं. पण कड्यावरून नावं उतरायला लागली, आणि एकेका नावाला धुक्यातून ओ यायला लागली. खाडीपलीकडच्या बायकांना काय चाललंय ते कळलं, आणि तिकडूनही नावं सुरू झाली. होड्या वेगळ्या झाल्या. केवडच्या केवडकडे वळल्या, पोफळीच्या पोफळीकडे.

आणि मग, सगळी नावं घेऊन झाल्यावर, भागीरथी पुढे आली. तिचा आवाज चिरका होता. तिने हाक मारली, “हरबाऽऽऽ!”

बायका चरकल्या. या नावाला ओ देणारं माणूस समुद्रावर नव्हतं. होडीतल्या बाप्यांनीही ते नाव ओळखलं. वल्ही थांबली. आणि दुलाजीने ओ दिली, “ओऽऽ!” त्याच्या मागून गोपाळाने दिली, मग एकेक करत सगळ्या होड्यांनी दिली. भागीरथी मटकन खाली बसली आणि जन्मात पहिल्यांदा चारचौघांत मोकळेपणी रडली.

त्या सकाळी होडी एक फुटली, माणूस एकही गेला नाही. दुलाजी वर आला तेव्हा शेवंती त्याच्यावरची नजर काढेना, आता याला काहीतरी होणार म्हणून. सासूने तिला जवळ घेतलं. “काही होत नाही,” ती म्हणाली. “घरी चल. तो भुकेला असेल.”

दुलाजीचं आयुष्य तुटलं नाही, शेवंतीचंही नाही. दोघं इतकी म्हातारी झाली म्हणे, की शेवटी शेवटी त्याला ऐकू येत नसे आणि ती दिवसभर त्याला नावाने हाका मारत असे.

गोष्ट संपली की बारकू तांडेल बाकावरून उठतात आणि पाहुण्यांतल्या बाप्यांना खाली वाळूवर पाठवतात. आजही केवडबंदरात नवी नवरी घरी जाण्याआधी या कड्यावर येते आणि उखाणा न घेता, नुसत्या नावाने नवऱ्याला हाक मारते. आजही फिरायला आलेल्या बायका आधी हसतात, इकडेतिकडे बघतात आणि मग मोठ्याने ओरडतात. मुलंसुद्धा आईबापांना नावाने हाका मारतात, त्या दिवशी त्यांना कुणी रागवत नाही. आणि एखादी बाई अशी येते, जिचं माणूस आता खाली वाळूवर नसतं. ती जरा थांबते, कठडा धरते आणि नाव घेते. तेव्हा वाळूवर उभे असलेले सगळे, ओळखीचे आणि अनोळखी, मान वर करून एकदम ओ देतात.