महाराजांचा रंगीत माठ

"आमच्या माठाला नावं ठेवतेस?" रणधीरराजे कडाडले.

समोर सारजा ताकवाली पदर खोचून उभी होती. अंबळगडच्या या महाराजांनी यंदा माठांचा कारखाना काढला होता. पण राजाचा माठ साधा कसा शोभेल? म्हणून बाहेरून तेलरंगाचे चांगले जाड हात दिले, वर मोर काढले. दिवाणजी म्हणाले, "असा माठ इंद्राच्या घरीही नसेल." आता इंद्राला माठ लागतो कशाला, हे त्यांना कुणी विचारलं नाही. माठ हातोहात खपले. आणि सारजानं भर बाजारात सांगून टाकलं, की यात पाणी गार होत नाही आणि ताक दुपारच्या आत आंबतं.

"खरं तेच बोलले, सरकार. रंगानं माठाची बारीक छिद्रं बुजली. पाझरणारच नाही, तर गार कसा करेल?"

"पुरे! गावभर एकच चाललंय, 'सारजा म्हणते, सारजा म्हणते.' आज संध्याकाळी आम्ही बाजारात फिरू. एकाच्याही तोंडून तुझं नाव निघालं, तर बाजारातली तुझी जागा गेली."

त्या जागेवर तर सारजाचं घर चालायचं. आणि गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? पण बाई खमकी. म्हणाली, "बरं सरकार. दुपारी बाजारात या, चारचौघांत आपल्या माठातलं पाणी प्या आणि कसं आहे ते सांगा. राजा बोलल्यावर ताकवालीचं कोण ऐकतंय?"

महाराज खूश झाले. वाड्यात पाणी जुन्या रांजणातलं यायचं. आपल्या माठाची चव त्यांनी घेतलीच नव्हती.

दिवाणजींनी सकाळीच माठ भरून ठेवला होता. भर उन्हात महाराज घामाघूम होऊन आले, तांब्या तोंडाला लावला आणि घोट फुर्रकन बाहेर टाकला.

"अहो, हे पाणी पिण्याचं की आंघोळीचं?"

बाजारभर हशा पिकला. दिवाणजी माठावरचा मोर न्याहाळत बसले.

संध्याकाळी महाराज सारजाला आणि दिवाणजींना घेऊन फिरायला निघाले. तांबोळ्याला विचारलं, "काय रे, आमचा माठ कसा?"

"पाणी गार होत नाही, सरकार."

"कोण म्हणतं?"

तांबोळ्यानं हात जोडले. "खुद्द महाराज म्हणतात."

कासारणीनंही तेच सांगितलं. पुढं तेल्यानंही तेच.

"सरकार," सारजा हळूच म्हणाली, "माझं नाव घेतलं का कुणी?"

महाराज असे हसले की फेटा सुटायची वेळ आली. "आमच्या मालाची तक्रार आमच्याच तोंडून वदवलीस की गं! दिवाणजी, रंग बंद करा. रंगीत माठ परत आणेल त्याला साधा द्या. सारजाची जागा कायमची तिची. आणि कारखान्यातली नवी वस्तू आधी हिच्याकडे जाईल. तिला जे खटकेल ते ती थेट आम्हाला सांगेल, मध्ये तुम्ही नाही."

"आणि परत आलेले रंगीत माठ, महाराज?"

"तुमच्या घरी ठेवा. उन्हाळाभर त्यातलंच पाणी प्या."