तिरकी खेकडी आणि रेवूचे लंगोट

एक होता ओढा. खळखळ, खळखळ.
ओढ्याकाठी होतं एक बीळ.
बिळात राहायची एक खेकडी. एवढीशी! आईच्या अंगठ्याएवढी.
तिचं नाव तिरकी. कारण ती चालायची तिरकी.
तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.
तिरकीला होती सात पिल्लं. सातही इवलीइवली. सातही तिरकी!

एके सकाळी तिरकी शेवाळ आणायला गेली. हिरवं हिरवं शेवाळ मिळालं.
तुरुतुरु तिरकी, परत आली.
बघते तर काय! बिळाचं दारच दिसेना!
दारात बसला होता एक डायपर. बाळाचा डायपर. वापरून फेकलेला. पाणी पिऊन फुगलेला. टम्म!

तिरकीनं ढकललं. हुंऽऽ! हलेना.
तिरकीनं ओढलं. हुंऽऽ! हलेना.
तिरकीनं नांगीनं चिमटा काढला. आतून आला चिकट चिकट गोळा. छी!

बिळातून आवाज आला,
"आई, आई, अंधार झाला!"
"आई, आई, भूक लागली!"
तिरकीला रडू आलं. पण ती रडली नाही.
"घाबरू नका रे," ती म्हणाली. "मी कुणाला तरी घेऊन येते."

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी. गेली टेकाडावरच्या घरी.
दारात उभा रेवूचा बाबा. बाबाच्या कडेवर रेवूबाळ. रेवू रडतेय. ट्यँहँ! ट्यँहँ!
तिरकी म्हणाली,
"बाबा, बाबा, डायपर काढ.
डायपर हलेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी भेटेनात!"

बाबा म्हणाला, "कसा येऊ गं? आई गेली कामाला. रेवू झाली ओली. डायपर संपले. आणि बघ, डायपरनं मांड्या कशा लाल झाल्यात! आधी मऊ लंगोट आण. मग मी येईन."
"लंगोट कोण देतं?"
"गोदूमावशी शिवते."

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी. गेली गोदूमावशीकडे.
मावशी बसली होती शिलाई मशिनपाशी. पण मशिन गप्प!
"मावशी, मावशी, लंगोट शिव.
बाबा येईना,
डायपर हलेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी भेटेनात!"

मावशी म्हणाली, "शिवू कशाचा? नवं कापड टोचतं. बाळाला हवं जुनं, मऊ मऊ. आधी जुनं धोतर आण. मग मी शिवीन."
"धोतर कोण देतं?"
"भाऊआजोबांकडे आहे."

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी. गेली भाऊआजोबांकडे.
आजोबा बसले होते ओसरीवर. शेंगा सोलत. टक टक टक.
"आजोबा, आजोबा, धोतर द्या.
मावशी शिवेना,
बाबा येईना,
डायपर हलेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी भेटेनात!"

"काय? कातर हवीय?" आजोबांना कमी ऐकू यायचं.
"कातर नाही हो! धोतर! धोऽऽतर!"
"असं होय! धोतर आहे की. सायीसारखं मऊ. पण मळलंय. मळकं धोतर बाळाला? छे छे! आधी ओढ्याला धुवायला सांग. मग मी देईन."

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी. गेली ओढ्याकडे.
"ओढ्या, ओढ्या, धोतर धू.
आजोबा देईनात,
मावशी शिवेना,
बाबा येईना,
डायपर हलेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी भेटेनात!"

ओढा म्हणाला, "खळखळ, खळखळ. नुसत्या पाण्यानं मळ निघत नाही बाई. फेस हवा फेस! आधी रिठे आण. मग मी धुवीन."

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी. गेली रिठ्याच्या झाडाकडे.
झाड उंचच उंच. रिठे तिथं वर. तिरकी इथं खाली. मान वर, डोळे वर.
"रिठ्या, रिठ्या, रिठे टाक.
ओढा धुईना,
आजोबा देईनात,
मावशी शिवेना,
बाबा येईना,
डायपर हलेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी भेटेनात!"

रिठा म्हणाला, "टाकले असते गं. पण मला हलता येत नाही. आधी वाऱ्याला बोलाव. तो हलवील, मग मी टाकीन."

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी. तिरकी आता दमली. तुरु... तुरु... तिरकी.
वारा बसला होता बांबूच्या बेटात. अगदी गप्प. पानसुद्धा हलत नव्हतं.
"वाऱ्या, वाऱ्या, फांदी हलव.
रिठा पडेना,
ओढा धुईना,
आजोबा देईनात,
मावशी शिवेना,
बाबा येईना,
डायपर हलेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी भेटेनात!"

वारा हळूच म्हणाला, "श्शू! ऐकतेस ना? रेवू रडतेय. बाळ रडलं, की मला वाहवत नाही. आधी बाळाला हसव. मग मी वाहीन."

तुरु... तुरु... तिरकी. तुरु... तुरु... तिरकी. आली पुन्हा टेकाडावरच्या घरी.
रेवू कडेवर. ट्यँहँ! ट्यँहँ!
"बाळा, बाळा, हस बरं.
वारा वाहेना,
रिठा पडेना,
ओढा धुईना,
आजोबा देईनात,
मावशी शिवेना,
बाबा येईना,
डायपर हलेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी भेटेनात!"

पण रेवू एवढीशी. तिला काय कळणार? ट्यँहँ!
तिरकीनं नांगी वाजवली. टिक टिक! रेवू हसेना.
तिरकी गोल फिरली. गर्रर्र! रेवू हसेना.
तिरकीला वाटलं, सरळ चालून दाखवावं! सगळी चालतात तसं!
एक पाय पुढं. दुसरा पाय पुढं. तिसरा पाय अडकला चौथ्यात. चौथा अडकला पाचव्यात.
आणि तिरकी पडली उताणी. धप्प!
सगळे पाय वर. वळवळ वळवळ वळवळ!

रेवू थांबली.
रेवूनं बघितलं.
उचकी आली. हिक्!
आणि रेवू हसली. खुदुखुदु खुदुखुदु!

बाळ हसलं, वारा सुटला. सुर्रर्र सुर्रर्र!
वारा सुटला, फांदी हलली. रिठे पडले. टप टप टपाटप!
रिठे पडले ओढ्यात, ओढा फेसाळला. फस फस फस!
आजोबांनी धोतर आणलं. ओढ्यानं धुतलं. चुबुक चुबुक! वाऱ्यानं वाळवलं. फड फड फड!
धोतर झालं पांढरंशुभ्र. आजोबांनी हुंगलं. "वा! हे घे गोदू!"
मावशीचं मशिन बोलू लागलं. खडखड खडखड खडखड!
एक लंगोट. दोन लंगोट. तीन लंगोट. शिवता शिवता झाले बारा!

मावशी लंगोट घेऊन आली. बाबानं रेवूला लंगोट बांधला. सुती, सुका, मऊ मऊ. रेवूनं पाय हवेत नाचवले. बाबानं तिला मावशीच्या मांडीवर दिलं.
आणि बाबा निघाला. धप धप धप!
पुढं तिरकी. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

बाबानं डायपर धरला. ओढला. हुंऽऽ! पचाक!
दार उघडलं. बिळात उजेड गेला.
बाहेर आलं एक पिल्लू. दुसरं पिल्लू. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं.
आणि सातवं?
"सातव्या, ए सातव्या!" तिरकीनं हाक मारली.
"आलो आई! माझा पाय अडकला होता!"
सगळी पिल्लं तिरकीला बिलगली. तिनं सगळ्यांना शेवाळ भरवलं. मचमच मचमच!

बाबा उभा होता. त्यानं इकडं बघितलं. झुडपात एक डायपर. तिकडं बघितलं. दगडाखाली एक डायपर. पाण्यात अजून एक!
"अरेरे! हे सगळे आमचेच," बाबा म्हणाला. "मीच फेकले होते. तिरके, चुकलो गं!"
"मग उचल की!" तिरकी म्हणाली.
बाबानं सगळे उचलले. पिशवीत भरले. कचऱ्याच्या गाडीत दिले. ओढा स्वच्छ झाला. खळखळ, खळखळ!

आता रेवूचा लंगोट ओला झाला, की बाबा बादलीत धुतो. दोरीवर वाळत घालतो. वाळला, की परत बांधतो.
ओला, धुतला, वाळला, बांधला! ओला, धुतला, वाळला, बांधला!
कधी बाबा धुतो. कधी आई धुते. भाऊआजोबा घड्या घालतात. त्या घड्या होतात वाकड्या. पण रेवूला चालतं.

संध्याकाळ झाली.
सात पिल्लं निजली तिरकीच्या पोटाशी.
रेवू निजली बाबाच्या पोटाशी.
आणि गोष्ट ऐकणारं बाळ? ते कुणाच्या पोटाशी?
या बरं इकडं!