सात घंटांचे एकमत

त्या राज्याला एक तट होता, तटाला एकच दार होते आणि दाराची आगळ एका वृद्ध कासवाच्या ताब्यात होती. कासवाला दोनच नियम पाठ होते. पहिला साऱ्या राज्याला ठाऊक होता: एक घंटा वाजली, की दार उघडायचे. दुसऱ्याची गरज शंभर वर्षांत पडली नव्हती, त्यामुळे तो कासवाखेरीज कोणाच्याच स्मरणात उरला नव्हता.

राज्यात एकाच देवाच्या नावाने चालणारी सात विद्यापीठे होती आणि प्रत्येकाच्या मनोऱ्यात एक घंटा. सातही घंटा पूर्वी याच दाराने आलेल्या निर्वासितांच्या भांड्यांतून ओतलेल्या होत्या. दर वर्धापनदिनी त्या हे अभिमानाने सांगत.

धाकटीचा मनोरा दाराला लागून होता. वणव्यात कुरण गमावलेल्या हरिणी तटाबाहेर येऊन थांबल्या, ते तिलाच प्रथम कळले.

"बाई, एक टोल दे," लंगड्या पाडसाला पोटाशी घेऊन एक हरिणी म्हणाली. "लांडगे दोन टेकड्यांपलीकडे आहेत."

धाकटीचा लोळा हलला. पण तिने आधी थोरलीला विचारले.

"एकटीने वाजणे हा आगाऊपणा," थोरली म्हणाली. "आपण साऱ्याजणी एकदम वाजू. या हरिणींपुरते नव्हे, दाराचा कायदाच बदलावा म्हणून."

"तोवर लांडगे थांबतील का, ताई?"

"तुझा स्वर अजून चिरका आहे. आधी तो बघ."

चर्चा सुरू झाली. दुसरीला थोरलीचा षड्ज फार खालचा वाटला. चौथीने आरंभी मौन सुचवले. पाचवीचा पूर्ण पाठिंबा होता. देणगीदारांची वामकुक्षी मोडू नये, एवढीच तिची अट होती.

"एकमत होत आले आहे," धाकटी रोज संध्याकाळी खाली सांगे.

"लांडग्यांचेही," चौथ्या संध्याकाळी हरिणी म्हणाली.

पाचव्या दिवशी, वामकुक्षीनंतर, सातही घंटा एकदम वाजल्या. असा नाद त्या राज्याने शंभर वर्षांत ऐकला नव्हता. धाकटीही मन लावून वाजली. तिचा स्वर कुठेच चिरकला नाही.

कासवाने कान देऊन घंटा मोजल्या, खात्रीसाठी पुन्हा मोजल्या.

"सातही एकदम," ते पुटपुटले, "म्हणजे दाराशी शत्रू."

आणि त्याने आगळीवर दुसरी आगळ चढवली.

"सूर सुरेख लागला," थोरली म्हणाली. "दरवर्षी वाजायला हवे."

नाद विरला. मग धाकटीला दाराच्या लाकडावर घासणारा एक लहानसा खूर ऐकू आला, आणि थोड्या वेळाने तोही ऐकू येईना.