काळ्या बुडाचं पातेलं

आठवलं की अजून कान तापतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो. एकदा पाहुण्यांसमोर मी भांडी घासणाऱ्या शेवंताबाईंना पातेल्याचं काळं बूड दाखवलं आणि म्हणालो, "बाई, तुम्ही अंग चोरून काम करता."

पातेलं लख्ख घासून त्यांनी सगळ्यांना दाखवलं, मग त्यातच चहा ठेवला. चहा गाळून पातेलं उलटं केलं, तर बूड पुन्हा काळं.

"सर, तुम्ही रोज दूध उतू घालवता, त्याने बर्नरची भोकं बुजलीत. ज्योत पिवळी झाली की काजळी धरते."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझ्या नातीनं. ती तुमच्याच वर्गात आहे."

पाहुण्यांकडे न बघता मी बर्नर साफ करायला टाचणी शोधू लागलो.