उंबऱ्यात पाहिलेली पत्रिका

कोणत्या राजाच्या अमलातली गोष्ट, ते विचारू नका. फार जुनी आहे, एवढं नक्की. एका गावात एक जोशी राहत होता. पत्रिका पाहण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं.

एकदा तो मुंजीच्या जेवणाला निघाला होता. पायात वहाणा घातल्या, तोच गावात बांगड्या भरणारा कासार दारात आला. त्याच्या लेकीला शेजारगावचं स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांचं एकच म्हणणं होतं, जोशीबुवांनी पत्रिका पाहावी, मग सुपारी फोडू.

"बसून बघता का, बुवा?" कासारानं विचारलं.

"बसायला कशाला हवं?" म्हणत जोशानं उंबऱ्यातच पत्रिका उलगडली. सातवं घर लग्नाचं, त्यात मंगळ दिसला. "कडक मंगळ आहे. नवऱ्याच्या जिवाला धोका," असं सांगून तो चालू लागला. जेवण उत्तम झालं. बासुंदीच्या तर दोन वाट्या जास्तच झाल्या.

इकडे ते स्थळ मोडलं. पुढं जी स्थळं आली, तीही मंगळाचं नाव ऐकून परत फिरली. पोरीनं तीन वर्षं मंगळवारचे कडक उपास केले. बापाची नजर अधू झाली होती, म्हणून गावातल्या नवऱ्या मुलींना चुडा भरायला तीच त्याच्याबरोबर जाऊ लागली.

मग जोशाच्या लेकीचं लग्न ठरलं. चुडा भरायला हे बापलेक आले. ओसरीवर बायका जमल्या होत्या. बांगड्या भरणं चाललं असताना कासार भीतभीत म्हणाला, "बुवा, राग मानू नका. तुमच्या ताई आन् माझी पोर एकाच सकाळच्या. सुईण आमच्याकडून तडक तुमच्याकडं आलेली. दोघींच्या पत्रिकाबी तुमच्या वडलांनी, थोरल्या बुवांनीच मांडल्या. मग ताईंचा मंगळ कशानं उतरला, तेवढं सांगा. कसलंबी व्रत असू द्या, पोर करील."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर जोशाला बरं वाटलं असतं, चार शब्द उलट बोलता आले असते.

पोरीनं पिशवीतून आपली पत्रिका काढून पुढं केली. या खेपेला जोशी खाली बसला. सातव्या घरात मंगळ होता आणि त्याच्याजवळ दहाचा आकडा होता. दहावी रास मकर. मकरेत मंगळ उच्चीचा असतो, आणि उच्चीच्या मंगळाचा दोष धरत नाहीत.

हा नियम जोशाला नवा नव्हता. स्वतःची लेक जन्मली तेव्हा सातव्या घरातला मंगळ पाहून त्याच्या काळजात धस्स झालं होतं. आकडा पाहिला, नियम आठवला, तरी खात्रीसाठी तो दोन दिवस पोथ्या उघडून बसला होता. कासाराच्या लेकीसाठी तो आकडा वाचण्याइतकाही थांबला नव्हता.

"सोळा मंगळवार आणि एक ग्रहशांत," हे शब्द अगदी ओठांवर आले. बोलला असता तर नाव राहिलं असतं. पण त्याची नजर त्या पोरीकडे गेली. उपासांनी तिची मनगटं वाळली होती. त्याच्याच लेकीचा हात हातात घेऊन, दुखू नये म्हणून ती हलकेच बांगडी चढवत होती. जोशाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"व्रत केलंच नाही," तो म्हणाला. "माझ्या लेकीला दोष नव्हता. तुझ्या पोरीलाही नाही. मी जेवायला निघालो होतो, नीट पाहिलं नाही."

त्याच्या लेकीनं एकदा बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कासाराला मात्र आनंदच झाला. "म्हंजी दोष नाहीच?" म्हणत त्यानं हात जोडले. ते जोडलेले हात जोशाला बघवेनात.

दुसऱ्या दिवसापासून जोशी पायी निघाला. ज्या ज्या घरानं त्या पोरीला नाकारलं होतं, त्या त्या घरी जाऊन त्यानं आपली चूक सांगितली. कुणी हसलं. कुणी म्हणालं, कासारानं बुवांचे हात ओले केलेले दिसतात. पहिल्या स्थळाच्या घरी मुलाची आई कडेवर नातवंड घेऊन दारात आली.

"बुवा," ती म्हणाली, "तुमच्या एका शब्दावर आम्ही ती पोर सोडली. आता हा दुसरा शब्द कुठं ठेवू?"

जोशी मान खाली घालून परत आला.

कासाराच्या लेकीचं लग्न झालं, पण आणखी चार वर्षांनी आणि फार दूरच्या गावी. त्या गावात जोशाचं नाव कुणी ऐकलंच नव्हतं, म्हणूनच ते जमलं. लग्नाला कासारानं जोशाला बोलावलं, मान दिला, अक्षताही दिल्या. त्यानं त्या टाकल्या, पण वर डोळे करून त्या पोरीकडे पाहण्याचं धाडस त्याला झालं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या लेकराचं बरंवाईट ठरवताना, आपल्या लेकरासाठी बसलो असतो तेवढा वेळ बसावं, कारण घाईत उच्चारलेला शब्द मागून कितीही पायपीट केली तरी परत घेता येत नाही.